मुंबई ते मद्रास : अंतर आणि अवधी

दोन गावांमधील अंतर मोजण्याच्या दोन रीती माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. किती कोस, हा एक प्रश्न. आणि किती मजला, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर जमीन देते, दुसऱ्याचे वाहन देते. जमिनीचे उत्तर सहसा बदलत नाही. वाहनाचे उत्तर मात्र प्रत्येक युगात निराळे येते. मुंबई आणि मद्रास, म्हणजे १९९६ पासून अधिकृतपणे चेन्नई या नावाने ओळखले जाणारे शहर, यांच्यामधील हवाई अंतर सुमारे १,०३० किलोमीटर आहे. रायचूरमार्गे जाणारा लोहमार्ग वळसे घेत जात असल्यामुळे तेच अंतर १,२८० किलोमीटरांच्या घरात भरते. हे आकडे आज शाळेतील मुलालाही सांगता येतील. परंतु पश्चिम किनाऱ्यावरील एका शहरातून पूर्व किनाऱ्यावरील दुसऱ्या शहरात पोहोचण्यास लागणारा वेळ पाच-सहा आठवड्यांवरून दोन तासांवर कसा आला, याची हकीकत तितकीशी परिचित नाही. त्या हकीकतीत यंत्रांचा वाटा मोठा आहे यात शंका नाही. तथापि त्याहूनही मोठा वाटा आहे तो माणसांनी एकमेकांशी बांधून घेतलेल्या शिस्तीचा.

महाराष्ट्राला ही वाट प्रथम जिवावरच्या प्रसंगाने नीट माहीत झाली. छत्रपती शिवाजी महाराज १६७७ मध्ये गोवळकोंड्याहून कर्नाटकात उतरले आणि त्यांनी जिंजीचा किल्ला घेतला. मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यातील इंग्रज व्यापाऱ्यांनी त्या वर्षी धास्तावून लिहून ठेवलेल्या नोंदी प्रसिद्ध आहेत. महाराजांनी त्यांच्याकडे काही औषधी द्रव्ये मागविली, आणि त्यांनी ती किंमत न घेता नजर म्हणून पाठवून दिली. हे दूरचे ठाणे पुढे किती उपयोगी पडेल, हे बारा वर्षांनी दिसून आले. संभाजी महाराजांच्या वधानंतर रायगडाला वेढा पडला. राजाराम महाराज तेथून निसटून पन्हाळ्यास आले, आणि पन्हाळाही मोगलांनी घेरल्यावर १६८९ च्या सप्टेंबरअखेर मोजक्या सोबत्यांनिशी जिंजीकडे निघाले. प्रवाशांचा वेष, रात्रीची वाटचाल, बिदनूरच्या राणी चेन्नम्मांनी दिलेला आसरा, बंगळुरानजीक आलेले संकट, अशी संकटे ओलांडीत ते वेल्लोरला आणि तेथून नोव्हेंबरच्या आरंभी जिंजीला पोहोचले. केशव पंडितांनी ‘राजारामचरितम्’ या संस्कृत काव्यात हाच प्रवास वर्णिला आहे. पन्हाळा ते जिंजी हे अंतर सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर आहे. ते कापावयास पाच आठवडे लागले. शत्रूला चुकवीत जाणाऱ्याची वाट सरळ असूच शकत नाही. तेव्हा हा हिशेब केवळ घोड्याच्या वेगाचा नाही. मार्गात कोण शत्रू, कोण मित्र, कोणत्या नदीला उतार, कोणत्या घाटात चौकी, यावरच त्या काळी प्रवासाचा अवधी ठरत असे.

शांततेच्या काळात पत्रे जात ती जासुदांच्या पायांनी. महत्त्वाचा मजकूर एकट्या माणसावर न सोपविता जासुदांची जोडी रवाना करण्याची पद्धत मराठी राज्यात रूढ होती. एक आजारी पडला किंवा दगावला तर दुसऱ्याने थैली पुढे न्यावी, हा त्यामागचा हेतू. कंपनी सरकारनेही याच पायांवर आपली डाक उभारली. मद्रासचे मुख्य डाकघर १ जून १७८६ रोजी सुरू झाले. त्यापुढे ठरावीक टप्प्यांवर हरकारे बदलण्याची व्यवस्था वाढत गेली, आणि पत्राचा प्रवास एका माणसाच्या दमावर अवलंबून राहिला नाही. एक हरकारा थकला की दुसरा ताज्या दमाने निघे. माणसाचा वेग तोच राहिला, पण टप्प्यांच्या रचनेने पत्राचा वेग वाढला. अंतरावर मात करण्याचे हे पहिले शहाणपण यंत्राच्या कितीतरी आधीचे आहे.

दोन्ही शहरे समुद्रकाठची. मग समुद्रमार्ग सोपा नव्हता काय, असे कोणासही वाटेल. तो सोपा नव्हता. मुंबईहून निघालेल्या गलबताला सारा पश्चिम किनारा उतरून, दक्षिण टोकाला वळसा घालून, लंकेच्या बाजूने पुन्हा उत्तरेकडे चढावे लागे. पावसाळ्यात पश्चिम किनारा बंद. आणि पश्चिमेकडचा पाऊस ओसरला की ईशान्येचा मोसमी वारा मद्रासच्या किनाऱ्यावर वादळे घेऊन येई. त्यात मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हते. जहाजे उघड्या समुद्रात नांगर टाकून उभी राहात आणि माणसे व माल ‘मसुला’ नावाच्या होड्यांतून किनाऱ्यावर आणावा लागे. या होड्यांच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत; त्या काथ्याने शिवलेल्या असत, म्हणजे लाटेचा तडाखा बसला तरी होडी लवावी, फुटू नये. शेकडो मैलांचा समुद्र पार करून आलेल्या प्रवाशाला शेवटच्या अर्ध्या मैलाचीच खरी भीती वाटे. मद्रासचे कृत्रिम बंदर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात बांधले जाऊ लागले, आणि तेही १८८१ च्या वादळाने एकदा मोडून टाकले.

आतापर्यंत जे अंतर अंतर म्हणून बोलले जात होते, ते वास्तविक किती आहे हे मात्र कोणालाच नेमके माहीत नव्हते. ते शोधून काढण्याचे काम मद्रासच्या वेशीवर सुरू झाले. विल्यम लॅम्ब्टन या लष्करी अधिकाऱ्याने १० एप्रिल १८०२ रोजी सेंट थॉमस माउंट या टेकडीजवळ एक पायारेषा मोजावयास घेतली. ही रेषा अवघी साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे बारा किलोमीटरांची. पण ती मोजावयास ५७ दिवस लागले. शंभर फूट लांबीची पोलादी साखळी, ती झुकू नये म्हणून तिच्याखाली तिवयांवर ठेवलेल्या लाकडी पेट्या, उन्हाने पोलाद प्रसरण पावते म्हणून प्रत्येक वेळी नोंदलेले तापमान, असा तो सारा खटाटोप होता. ती साखळी मूळची चीनच्या बादशहाला नजर करण्यासाठी नेलेली. बादशहाने ती नाकारली आणि फिरत फिरत ती हिंदुस्थानात आली, ही तिची कथाही मोठी मौजेची आहे.

एक बाजू अचूक मोजली की पुढे केवळ कोन मोजून त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत जाता येते. जमिनीवर पुन्हा साखळी पसरावी लागते ती ताळा पाहण्यापुरती. लॅम्ब्टनने असे त्रिकोण मद्रासपासून मंगळूरपर्यंत नेले, तेव्हा आढळून आले की जुन्या नकाशांत द्वीपकल्पाची रुंदी सुमारे ४० मैलांनी अधिक दाखविलेली होती. चाळीस मैल भूमी नकाशावरून एकाएकी नाहीशी झाली! ती भूमी कधी नव्हतीच. होती ती केवळ प्रवाशांच्या थकलेल्या पायांच्या अंदाजात. कोन मोजण्याचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. १८०८ मध्ये ते तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या शिखरावर चढविताना दोर तुटून भिंतीवर आदळले आणि त्याचे चक्र वेडेवाकडे झाले. तंजावरच्या गादीवर त्या वेळी सरफोजी राजे भोसले होते. लॅम्ब्टनने ते चक्र स्वतः बसून पुन्हा गोल केले आणि मोजणी चालू ठेवली. मद्रासला आरंभिलेली ही रेषा तो उत्तरेकडे नेत राहिला, आणि २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळच्या हिंगणघाट येथे, नागपूरच्या वाटेवर असताना, त्याचा अंत झाला. त्याची समाधी तेथेच आहे. आज विमानाच्या मार्गासाठी दोन शहरांतील सरळ अंतर म्हणून जो आकडा सहज सांगितला जातो, त्याच्या मुळाशी अशा मोजणीचे कष्ट आहेत, ही गोष्ट हिंगणघाटचा तो साधा दगड स्मरणात आणून देतो.

अंतर समजले, आता त्यावर मात करावयाची होती. प्रथम धावला तो मजकूर. विल्यम ओशॉनेसी याच्या देखरेखीखाली उभारलेल्या तारायंत्राने कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे जोडली गेली, आणि १८५५ च्या फेब्रुवारीत ही सोय सर्वसामान्य लोकांना खुली झाली. माणूस न हलता त्याचा शब्द हजार किलोमीटर जाऊ लागला. माणसाची पाळी नंतर आली. मुंबई–ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. मद्रासच्या रायपुरम स्थानकातून पहिली गाडी १ जुलै १८५६ रोजी अर्काटच्या दिशेने सुटली. एका बाजूने ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूने मद्रास रेल्वे अशा दोन्ही वाटा एकमेकींकडे सरकत राहिल्या. मधे बोरघाट होता. तो १८६३ मध्ये खुला झाला, पण त्यासाठी हजारो मजूर रोगराईने आणि अपघातांनी मृत्यू पावले. पुढे भीमा, कृष्णा, तुंगभद्रा या नद्या होत्या. अखेर १८७१ मध्ये रायचूर येथे दोन्ही लोहमार्ग भेटले, आणि मुंबई–मद्रास प्रवासाचा हिशेब आठवड्यांवरून दिवसांवर आला.

ही भेट केवळ प्रवाशांच्या सोयीची नव्हती. कुंभकोणमला जन्मलेले, मद्रासमध्ये शिकलेले मराठी मुत्सद्दी सर टी. माधवराव १८७५ मध्ये बडोद्याचे दिवाण म्हणून गेले, तेव्हा हा दुवा जुळून चार वर्षे झाली होती. तंजावरकडील मराठी घराण्यांचा मूळ देशाशी जो संबंध दोनशे वर्षांत धूसर होत गेला होता, तो पुन्हा जोडणे आता शक्य झाले. परंतु त्यापाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला, आणि दख्खन व मद्रास इलाखा यांना त्याने एकाच वेळी ग्रासले. आगगाडीने दुष्काळी भागात धान्य आणले हे खरे; पण जेथे धान्य होते तेथलेही ते अधिक किमतीच्या बाजाराकडे त्याच गाडीने ओढून नेले, हेही तितकेच खरे. ज्याच्या गाठीला पैसा नव्हता त्याला बाजार जवळ येऊन उपयोग झाला नाही. लाखो माणसे मेली. अंतर कमी झाले म्हणजे दुःख आपोआप कमी होते, असा समज ज्यांनी करून घेतला होता त्यांना हा मोठा धडा होता.

तारेने आणि आगगाडीने आणखी एक नवाच घोटाळा निर्माण केला. तोपर्यंत प्रत्येक शहर आपल्या डोक्यावरच्या सूर्याप्रमाणे घड्याळ लावीत असे. मद्रास मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसात अंश आहे. पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटे लागतात. अर्थात मद्रासला दुपारचे बारा वाजले की मुंबईत साडेअकराच वाजलेले असत. मद्रासहून भर दुपारी बाराला केलेली तार मुंबईला ‘साडेअकरा वाजून काही मिनिटांनी’ मिळे. म्हणजे पाठविण्यापूर्वीच पोहोचे! पायी प्रवासात हा अर्धा तास कोणाच्या लक्षातही आला नसता. महिनाभर चाललेल्या जासुदाला त्याचे काय? पण आगगाडीचे वेळापत्रक एकाच घड्याळावर बसवावे लागते. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती. शिवाय मद्रासची वेळ मुंबई आणि कलकत्ता यांच्या साधारण मधली होती. म्हणून १८७० च्या सुमारास रेल्वेने मद्रासची वेळ सर्वत्र स्वीकारली. ग्रिनिचच्या पुढे सुमारे पाच तास एकवीस मिनिटे, अशी ती वेळ.

मुंबईकरांना हे मानवले नाही. १८८१ मध्ये मुंबईत सरकारी कामकाजासाठी मद्रासची वेळ लागू करण्याचा प्रयत्न झाला. लोकांनी त्याला इतका विरोध केला की सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्या शहरात सूर्य माथ्यावर येण्याआधीच बारा वाजावेत, ही कल्पना त्यांना आपल्या दिवसावर दुसऱ्याने केलेल्या अतिक्रमणासारखी वाटली. १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशासाठी ग्रिनिचपुढे साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. तिने मद्रासचे घड्याळ नऊ मिनिटांनी पुढे सरकविले, मुंबईचे तब्बल एकोणचाळीस मिनिटांनी. साहजिकच मद्रासने ती निमूटपणे घेतली आणि मुंबईत ‘मुंबई टाइम’ आणखी जवळजवळ अर्धशतक, १९५५ पर्यंत, जीव धरून राहिला. वेगाने जोडलेल्या दोन गावांना एकच घड्याळ लागते, आणि त्यासाठी प्रत्येकाला आपला थोडासा सूर्य सोडून द्यावा लागतो, हे त्या पन्नास वर्षांनी शिकविले.

आकाशमार्गाची गोष्ट मद्रासमध्ये अगदी लवकर सुरू झाली. शहरातील हॉटेलचालक जियाकोमो दांजेली याने सिम्पसन कंपनीच्या कारखान्यात विमान बांधवून घेतले आणि १९१० च्या मार्चमध्ये पल्लावरम येथे ते लोकांसमोर उडवून दाखविले. पुढच्या वर्षी, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादहून नैनीपर्यंत आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने टपालाची थैली विमानाने नेली. ते अंतर जेमतेम दहा किलोमीटरांचे होते. पण विमानाचा खरा व्यवसाय काय होणार, हे त्या दहा किलोमीटरांनी सांगितले. माणसांच्या आधी विमानावर विश्वास टाकला तो पत्रांनी.

१९२९ मध्ये इम्पीरियल एअरवेजची विमाने लंडनहून कराचीपर्यंत येऊ लागली. विलायतेची डाक आठवड्याभरात हिंदुस्थानच्या दाराशी यावी आणि तेथून दक्षिणेस जावयाला तिने आगगाडीत दिवस घालवावेत, ही विसंगती नेव्हिल विन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाला खटकली. त्याने टाटांपुढे योजना ठेवली, आणि जे. आर. डी. टाटा यांनी ती उचलून धरली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी टाटा कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून निघाले. बरोबर ५५ पौंड टपाल होते. अहमदाबादला इंधन घेऊन ते दुपारी मुंबईच्या जुहू येथे उतरले. तेथे विन्सेंट दुसरे पस मॉथ घेऊन सिद्धच होता. त्याने मद्रासची डाक घेतली, त्या रात्री बळ्ळारीस मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले.

नकाशावर मुंबई आणि मद्रास यांच्यामध्ये दोरी ताणली तर ती बळ्ळारीच्या अगदी जवळून जाते. मुंबईहून बळ्ळारी सुमारे ६१० किलोमीटर आणि तेथून मद्रास सुमारे ४३० किलोमीटर. दोन्ही मिळून सरळ हवाई अंतरापेक्षा दहा किलोमीटरही अधिक होत नाहीत. ताशी सुमारे दीडशे किलोमीटर जाणाऱ्या त्या विमानाला खरे म्हणजे सात तास पुरेसे होते. तरीही मुक्काम करावा लागला, कारण अंधारात वाट दाखविणारे काहीच साधन नव्हते. बिनतारी यंत्र नाही, धावपट्टीवर दिवे नाहीत. खाली दिसणारी नदी, लोहमार्ग आणि डोंगर हाच नकाशा. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलाने भरून जाई, म्हणून त्या दिवसांत विमानांचा तळ पुण्यास हलवावा लागे. म्हणजे आकाशात गेल्यावरही प्रवासाचा वेग अखेर जमिनीवरच ठरत होता. १९३८ मध्ये हा मार्ग पुढे कोलंबोपर्यंत गेला. विन्सेंट मात्र पुढची प्रगती पाहावयास राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, विमानप्रवासातच त्याचा मृत्यू झाला.

रात्रीचा अडसर दूर झाला तो स्वातंत्र्यानंतर, आणि त्याचा मान नागपूरला मिळाला. रफी अहमद किडवई दळणवळणमंत्री असताना जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक डाकोटा विमान निघे आणि चारही विमाने मध्यरात्रीच्या पुढे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई, प्रवासीही विमाने बदलीत, आणि पहाटेच्या सुमारास प्रत्येक विमान आपल्या शहरी परत गेलेले असे. एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रांना विमानासाठी निराळा आकारही पडेनासा झाला. संध्याकाळी मुंबईच्या पेटीत टाकलेले साधे पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासच्या पोस्टमनच्या हाती येऊ लागले.

या योजनेतील गंमत अशी की नागपूरमार्गे मुंबई–मद्रास अंतर जवळजवळ १,६०० किलोमीटर होते. सरळ मार्गाच्या दीडपट. तरीही पत्र लवकर पोहोचे, कारण ते माणसांच्या झोपेच्या वेळात प्रवास करी. अंतर वाढवून अवधी घटविण्याची ही युक्ती कोणत्याही नव्या यंत्राची नव्हती. डाकोटा हे युद्धातून उरलेले जुनेच विमान. युक्ती होती ती चौघांनी मध्यरात्री एका ठिकाणी भेटण्याच्या वचनाची. एक विमान उशिरा आले तर उरलेल्या तिघांना थांबावे लागे. हरकाऱ्यांच्या चौकीवर जे घडे, तेच दीडशे वर्षांनी सोनेगावच्या दिव्यांखाली घडत होते.

त्या वचनाची किंमतही द्यावी लागली. १९५३ मध्ये सर्व खाजगी विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन १ ऑगस्टपासून इंडियन एअरलाइन्स अस्तित्वात आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या पहाटेपूर्वी नागपूरहून मद्रासकडे निघालेले टपालाचे डाकोटा विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले. विमानातील तेरा जण मृत्युमुखी पडले. वाचला तो एकटा वैमानिक. मृतांत कामगारनेते हरिहरनाथ शास्त्री होते. दुसऱ्या रात्री चार शहरांतील लोकांनी पेटीत पत्रे टाकताना या गोष्टीचा विचार केला असेल असे नाही. वेग एकदा सवयीचा झाला की त्यामागची माणसे दिसेनाशी होतात.

पुढचा इतिहास यंत्रांच्या झपाट्याचा आहे. ताशी पावणेतीनशे किलोमीटर जाणाऱ्या डाकोटाला मुंबईहून मद्रास सरळ गाठावयास सुमारे चार तास लागत. १९५७ मध्ये व्हायकाउंट आले, १९६४ मध्ये कॅराव्हेल हे जेट विमान आले, आणि प्रवास दोन तासांच्या आसपास येऊन ठेपला. याच मार्गावरील कॅराव्हेल विमान १२ ऑक्टोबर १९७६ च्या रात्री मुंबईहून मद्रासला निघताच इंजिनाला आग लागून परत फिरले आणि धावपट्टीपाशी पोहोचण्यापूर्वी कोसळले. विमानातील सर्वच्या सर्व ९५ माणसे गेली. प्रत्येक अपघाताच्या चौकशीतून नवे नियम निघाले, आणि आजच्या प्रवाशाला लाभणारी सुरक्षितता ही त्या नियमांची पुण्याई आहे.

विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की १९६४ नंतर हा अवधी फारसा घटलेला नाही. आजची विमाने अधिक मोठी, अधिक शांत आणि कमी इंधन खाणारी आहेत. पण मुंबई–चेन्नई प्रवासाला अजूनही दोन तासांच्या आसपासच लागतात. उलट विमानतळापर्यंतची शहरातील वाट, तपासणीच्या रांगा आणि सामानाची प्रतीक्षा ही जमेस धरली, तर हवेत जितका वेळ जातो त्याहून अधिक वेळ जमिनीवर जातो. मसुला होडीच्या काळी जशी शेवटच्या अर्ध्या मैलाची अडचण होती, तशीच आजही आहे. फक्त ती समुद्रावरून रस्त्यावर आली आहे.

आणि सर्वांनाच ते दोन तास लाभत नाहीत, हेही विसरता येत नाही. विमानाच्या खिडकीतून ज्याला भीमा आणि तुंगभद्रा रुपेरी रेघांसारख्या दिसतात, त्याच वेळी त्या नद्यांवरील पुलांवरून चेन्नईकडे जाणाऱ्या गाडीत शेकडो माणसे एक दिवस आणि एक रात्र काढीत असतात. रोजगारासाठी, उपचारासाठी, शिक्षणासाठी निघालेल्या या माणसांच्या दृष्टीने दोन शहरांतील अंतर १,०३० किलोमीटर नसते. ते तिकिटाच्या दरावर अवलंबून असते. दुष्काळाच्या काळी जे धान्याच्या बाबतीत दिसले, तेच येथे वेळेच्या बाबतीत दिसते. वेग निर्माण करणे हे एक कार्य आणि तो सर्वांच्या आवाक्यात आणणे हे दुसरे. या दुसऱ्या कार्यात नागपूरच्या मध्यरात्रीच्या टपालाने एक पायंडा घालून दिला होता. त्याने विमानाचा वेग साध्या पत्राला, साध्या दरात, कोणताही भेद न करता दिला. राजाच्या जासुदालाही जो वेग कधी मिळाला नव्हता, तो त्या वेळी गिरणीकामगाराच्या किंवा शाळामास्तराच्या पत्राला मिळाला. मुंबई–मद्रास वाटेच्या तीन शतकांच्या इतिहासात त्याहून मोठी मजल क्वचितच मारली गेली असेल.